उशिरा ऐकू येणारी गाडी

"पाय अन् चाक. मधात कोनी नाई पायजे."

हे सांगताना भाऊ उजव्या हाताचं बोट आधी स्वतःच्या चपलेला लावायचे, मग गाडीच्या पुढच्या टायरला, आणि मधली हवा तळव्यानं पुसून टाकायचे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, हा माणूस ठेकेदारी पद्धतीबद्दल बोलतो आहे. मी त्या दिवसांत ताडोब्याच्या मोहर्ली फाटकावर जिप्सीचालक आणि गाईड यांच्या रोजीसाठी पत्रकं वाटत होतो आणि मला जिथं तिथं दलालच दिसायचे. भाऊंनी माझं पत्रक घडी करून खिशात घातलं.

"मी इंजिनाचं सांगून राह्यलो गा, पत्रकवाले. तुमचं मंग वाचतो."

ताडोब्याला गेला असाल तर तुम्ही त्यांच्या जिप्सीत बसलाही असाल. सगळ्यात हळू चालवणारा, कानावर मफलर बांधलेला तो माणूस. पाहुणे वैतागायचे. "काका, जरा दाबा ना, पुढच्या गाडीला वाघ दिसला म्हणे." भाऊ मागे न पाहता म्हणायचे, "वाघाले घाई नाई. तुमाले काऊन?"

आणि मंगळवारी जंगल बंद असलं की हाच माणूस आपली स्वतःची जुनी जिप्सी बाहेर काढायचा. मागच्या सीटा काढलेल्या, आतून लोखंडी पाइपांचा पिंजरा मारलेला, सायलेन्सर पोकळ केलेला. राखीव जंगलाच्या हद्दीबाहेर आमच्याकडे एक लाल मुरमाचा रस्ता आहे. नाला ओलांडून चढ चढतो, तलावाच्या पाळीला वळसा घालतो आणि गावात उतरतो. त्या रस्त्यावर भाऊ रॅलीचा सराव करायचे. मी एकदा शेजारी बसलो होतो. उतरलो तेव्हा माझे दात दुखत होते.

ते खरोखरच्या रॅल्यांत उतरायचे. नागपूर, नाशिक, एकदा पार दक्षिणेत. बिनटर्बोच्या गाड्यांच्या गटात त्यांची बक्षिसं होती. सगळ्या गटांच्या एकत्र निकालात मात्र कुणाची तरी टर्बो गाडी कायम त्यांच्या पुढे असायची.

टर्बो म्हणजे काय, ते त्यांनी मला तलावाच्या पाळीवर बसून समजावलं. साधं इंजिन स्वतःच हवा ओढून घेतं. टर्बोमध्ये बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो आणि जास्तीची हवा इंजिनात कोंबतो. तेवढ्याच आकाराच्या इंजिनाची ताकद कितीतरी वाढते. पण धुराला जोर येऊन पंखा फिरेपर्यंत क्षणभर जातो.

"म्हणजे तुमची साधी गाडीच बरी," मी म्हणालो.

"असं कोन म्हनलं? चढावर तो मले खाऊन टाकते. लंब्या सरळ रस्त्यावर बी. फक्त वळनात पाय देल्ला अन् जोर आला, याच्या मधात फट राहते. त्या फटीत झाडं उभी असतात." मग थांबून म्हणाले, "टर्बो खोटा नाई. उशिरा खरा आहे."

हरलेल्या रॅलीनंतरही हे असंच. जिंकलेल्या पोराच्या गाडीपाशी जाऊन उकिडवे बसायचे, खालून पाहायचे, चार प्रश्न विचारायचे. मला राग यायचा. बापाच्या पैशानं विकत घेतलेल्या विजयाचं कौतुक कसलं? मी तसं लिहून त्यांना दाखवलं. त्यांनी शांतपणे वाचलं.

"पैसा जिकला, हे खरं आहे. पन गाडीबी चांगली होती. दोन्ही लिहा."

'दोन्ही लिहा' हे त्यांचं माझ्यासाठीचं वाक्य. माझ्या पत्रकांना एकच बाजू असते आणि ती मी लपवत नाही, म्हणून ते वाक्य मला फार बोचायचं.

तलावाच्या वळणावर त्यांची गाठ वच्छलाबाईशी पडायची. धिवरांच्या घरातली, साठीच्या पुढची बाई. सकाळी तलावातून मासोळ्या काढायच्या, टोपली डोक्यावर घ्यायची आणि रस्ता ओलांडून गावात विकायला जायचं. सोबत मुलगा सुधाकर, पण तो जाळं आवरत मागे राहायचा. भाऊंच्या पोकळ सायलेन्सरचा आवाज नाल्यापलीकडूनच सुरू व्हायचा. गुराखी त्या आवाजावर गुरं बाजूला घ्यायचे, पोरं पाळीवर चढून बसायची. वच्छलाबाई रस्त्याच्या कडेला थांबून तंबाखू-सुपारीचा खर्रा काढायची.

"तुहा आवाज आला का मी खर्रा घोटाले घेतो," ती भाऊंना सांगायची. "घोटून तोंडात टाकतो, तवा कुठी तू येते. अन् म्हने मोठा रेसवाला."

"तुमी खर्रा सोडा बाई, मी लवकर येतो."

"तू लवकर येशीन तं मी खर्रा काऊन खाईन?"

तो सगळा गाव त्या गाडीला कानानं ओळखत होता. कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. दर मंगळवारी ऐकून ऐकून आपोआप बसलेली सवय होती.

मग आमच्याच रस्त्यावर रॅली ठरली. कोळशाच्या वाहतुकीतला एक ठेकेदार पुढे होता. त्याला तो मुरमाचा रस्ता रुंद करून हवा होता, गावाच्या जंगलातून, आपल्या ट्रकांसाठी. ग्रामसभा नाही म्हणत होती. मग खेळ आला, झेंडे आले, पाहुणे आले, 'आपल्या जिल्ह्याचं नाव' आलं. मी पत्रक काढलं: खेळाच्या आडून रस्ता. ते आजही शब्द न बदलता छापीन.

ठेकेदारानं नवी टर्बो गाडी घेतली होती आणि ती चालवायला त्याला इथलाच चेहरा हवा होता. भाऊ हो म्हणाले. मी संतापून त्यांच्या घरी गेलो.

"त्याची गाडी, त्याचा रस्ता, आणि पोस्टरवर तुमचं तोंड. कळतं का तुम्हाला?"

"कळते."

"मग?"

भाऊ म्हणाले, "आयुष्यभर बाहेरून पाहून मापून राह्यलो. चढ, वळन, ब्रेक, समदं. आत बसून एकदा पाह्यचं आहे. तुमचं पत्रक बरोबर आहे. अन् मले पाह्यचं आहे."

ज्या माणसानं वीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांखाली वाकून पाहिलं, त्याला तत्त्व सांगायला माझी जीभ रेटली नाही.

रॅलीची सकाळ. धान कापून झालेलं, बांध्या मोकळ्या. वळणावर दोरी बांधलेली, नारिंगी जाकिटातली शहरातली पोरं शिट्ट्या घेऊन उभी. वच्छलाबाई काही रॅली बघायला आली नव्हती. मासोळी थांबत नाही. ती टोपली घेऊन पाळीवरून उतरली. तिथल्या पोरानं तिला अडवलं. पुढे काय झालं ते त्यानंच नंतर रडत सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, "मले आवाज समजते, पोट्ट्या." ती थांबली. तिनं नाल्याच्या दिशेनं कान दिला. नाल्यापलीकडे काही नव्हतं. ती रस्त्यावर उतरली.

आता ऐका. टर्बोचा पंखा धुराच्या वाटेतच बसलेला असतो. धुराचा जोर तो खातो, तसा आवाजही खातो. शिवाय वळण आलं म्हणून भाऊंनी पाय उचललेला. ती गाडी आली ती जवळपास मुकी आली. भाऊंनी दोन गाड्यांमधलं सगळं ताडून पाहिलं होतं, हे एक सोडून. डोक्यावर हेल्मेट घातलेल्या माणसाला आपली गाडी बाहेरून कशी ऐकू येते, हे कळायचं कसं?

रुग्णवाहिका होती. ती पाहुण्यांच्या मंडपापाशी होती. ती येईपर्यंत भाऊ रस्त्यावर बसून होते आणि वच्छलाबाईचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. रुग्णवाहिका आली तेव्हा घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

अपघात हा शब्द मला सहन होत नाही. तो वापरला की करणारा कुणीच राहत नाही. पंचनाम्यात तो होताच, पण त्याला जोडून आणखी एक होता: निष्काळजीपणे. रस्ता बंद असताना सदर महिलेनं निष्काळजीपणे रस्ता ओलांडला. म्हणजे ठेकेदार सुटला, आयोजक सुटले, भाऊही सुटले. मेली तीच दोषी.

सुधाकर फारसा बोलणारा नव्हे. ठाण्याबाहेर तो एवढंच म्हणाला, "माही माय बेफिकीर नोती. तिले कान होते."

त्याच दिवशी ठेकेदाराचा माणूस भाऊंकडे आला. मी तिथंच होतो. "भाऊ, कागद तुमच्या बाजूनं आहे. तुमी फक्त गप राहा. लायसन राहते, जंगलातलं काम राहते."

भाऊंनी त्याला चहा दिला. तो गेल्यावर मी नव्या पत्रकाचा मसुदा वाचून दाखवला. मथळा होता: ठेकेदारानं मारलं.

"खरं आहे," ते म्हणाले. "पन गाडी मी चालवली. गाडी मी बदलली अन् त्या बाईले सांगतलं नाई. दोन्ही लिहा."

मी दोन्ही लिहिलं. ते माझं एकच पत्रक असेल, जे कुणालाच आवडलं नाही.

भाऊंनी ठाण्यात तोच जबाब दिला. ती निष्काळजी नव्हती, तिनं ऐकलं, तिच्या कानानं रस्ता मोकळा होता. ठाणेदारानं विचारलं, हे सिद्ध कसं करणार? भाऊ म्हणाले, दाखवतो. गावानं तहसीलवर मोर्चा नेला तेव्हा कुठे नायब तहसीलदार पाहणीला यायला तयार झाले.

भाऊंची जिप्सी होती. ठेकेदाराची गाडी ठाण्यात अडकलेली, म्हणून चंद्रपूरच्या एका तरुण रॅलीवाल्यानं आपली तशीच टर्बो गाडी आणली. वळणावर, रस्त्यापासून दूर पाळीखाली, गावातली माणसं पाठ करून उभी राहिली. आवाज आला की हात वर करायचा, बस्स. गुराखी होते, बाया होत्या, टोकाला सुधाकर. मी आणि साहेब रस्त्याकडे तोंड करून.

आधी भाऊ जिप्सी घेऊन आले. ती नाल्यापलीकडे असतानाच सगळे हात वर गेले. एका म्हातारीनं हात खाली घेऊन परत वर केला, तरी गाडी यायचीच होती.

मग ते टर्बो घेऊन आले. मला ती चढावर दिसली. उतारावर दिसली. पाठ केलेल्या माणसांत एकही हात नव्हता. वळणात शिरली, मुरूम उडाला आणि मग हात गेले, एकदम, दचकल्यासारखे. तेवढ्यात ती समोरून निघूनही गेली होती.

बायांमधली एक जण खाली बसली.

नायब तहसीलदार वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा पुसला. "मला कळलं. पण हे लिहायचं कुठं? आवाजाचा रकाना नसतो."

तो नाहीच निघाला. कागदावर वच्छलाबाई आजही निष्काळजी आहे. भाऊंवर त्यांच्याच जबाबावरून गुन्हा दाखल झाला, लायसन गेलं आणि त्याबरोबर मोहर्लीचं काम. त्या वर्षी ते आमच्याकडच्या मजुरांबरोबर तेलंगणात मिरची तोडायला गेले. मजूर परत आले, भाऊ आले नाहीत. कुणी म्हणतं तिकडेच एका शेतावर राहतात, कुणी म्हणतं पुढे गेले. फोन लागत नाही. रस्ता रुंद झाला आहे. ट्रक रात्रंदिवस जातात आणि त्यांना ऐकायला कान द्यावा लागत नाही.

मला मात्र ते त्या पाहणीच्या दिवशीचे आठवतात. साहेब जीपकडे निघाले होते. लोक पांगायला लागले होते. भाऊंनी टर्बोची किल्ली त्या तरुणाच्या हातात दिली.

"तू आन. मी ऐकतो."

"भाऊ, झालं ना आता," तो म्हणाला.

"मी आतून आयकलं रे. बाहेरून नाई आयकलं."

ते पाळीखाली गेले आणि लोक उभे होते तिथं, रस्त्याला पाठ करून उभे राहिले. मफलर सोडून हातात घेतला. तरुण गाडी घेऊन नाल्यापलीकडे गेला आणि परत फिरला. आम्ही सगळे बघत होतो. गाडी चढ चढली, उतरली, वळणात आली. धूळ उठली, गाडी त्यांच्या पाठीमागून गेली, गावाकडे उतरली, थांबली. इंजिन बंद झालं.

भाऊंचा हात वर झाला नाही. धूळ बसली तरी ते तसेच उभे होते, मान किंचित तिरपी, नाल्याच्या दिशेनं कान, गाडी अजून यायचीच असल्यासारखे.

कुणालाच पुढे व्हायचं सुचेना. शेवटी सुधाकर गेला. त्यानं त्यांच्या खांद्याला धरलं आणि हळूच त्यांना रस्त्याकडे वळवलं.

"गाडी गेली, भाऊ," तो म्हणाला.