वहिनीचा बदललेला कडकनाथ

वहिनीचा कोंबडा मुंगसाने नेला आणि त्याच्या जागी मी दुसरा आणून ठेवला, हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

वहिनी कांचघर मोहल्ल्यात राहते. दादा गेल्यावर तिने मागच्या अंगणात कडकनाथ पाळले. पिसं, तुरा, कातडी, हाडंसुद्धा काळी. अंडं मात्र फिकट बदामी. ह्या कोंबड्या उबवायला बसत नाहीत, म्हणून अंडी गावठी कोंबडीखाली ठेवायची. गिऱ्हाइकाला पिल्लू देताना वहिनी त्याची चोच उघडून जीभ दाखवायची. "देख लो भैया, अंदर तक काला है. मागून बोलायचं नाही."

डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ती नागपूरला गेली, तेव्हा खुराडं माझ्यावर सोपवलं. एका संध्याकाळी कडी लावायची राहिली. सकाळी कोंबड्याची नुसती पिसं. तशीच स्कूटर काढली, तिलवारा घाटाच्या पलीकडून एक काळाभोर कोंबडा आणला. चोच उघडून पाहिली नाही. पाहायची हिंमत नव्हती, हेच खरं.

"हा मला पाहून पळून काहून राहिला?" आल्या आल्या वहिनीने विचारलं.

"महिनाभर नव्हतात तुम्ही. विसरला."

"अच्छा! म्हणजे भाऊजींवर गेला."

मी हसलो. तिथेच सांगता आलं असतं.

पुढची पिल्लं निघाली, त्यांत काही फिक्या पायांची. वहिनीला जवळचं अजून नीट दिसत नव्हतं. गिऱ्हाईक दारात उभं. "भाऊजी, जीभ पहा बरं." मी चोच उघडली. आत गुलाबी.

"काळी आहे," मी म्हणालो.

दोन महिन्यांनी तोच माणूस कोंबडी घेऊन परत आला आणि गल्लीत सगळ्यांदेखत म्हणाला, "दीदी, आप भी मिलावट करने लगीं?" मी तिथेच होतो. वहिनी माझ्याकडे पाहील म्हणून मी चपला शोधत राहिलो. तिने पाहिलंच नाही. "खुराडं माझं आहे, चूक माझी," एवढंच म्हणाली आणि त्याची कोंबडी ठेवून घेतली. आठवड्याभरात सगळे पक्षी देऊन टाकले. आपलं वाण मुळातच खोटं होतं, असं तिला वाटतं.

आता रविवारी जातो. चहा घेतो, उठतो, परत बसतो. "काय चुळबुळ करून राहिले भाऊजी, गाडी सुटून राहिली का?" म्हणते.

वाण खोटं नव्हतं, कोंबडा मी बदलला आणि जिभेबद्दलही मीच खोटं बोललो, हे मला वहिनीला सांगायचं आहे. मग त्याच गल्लीत, त्या माणसासमोर. दोन्ही अजून बाकी आहे.