इंजिन बंद झाल्यावर

जळक्या डिझेलचा वास आला की मला रानशेतच्या भातगिरणीचं ते इंजिन आठवतं. त्याची धडधड अशी, की वेवजीच्या सीमेपलीकडे गुजरातेतल्या म्हशी दचकून दूध चोरायच्या; खोटं वाटत असेल तर म्हशींना विचारा. गिरणीवाले काका वारले, तेव्हा आम्ही ते धूड चिखले गावातल्या आमच्या जुन्या यंत्रांच्या संग्रहालयात आणलं आणि घासूनपुसून पुन्हा चालतं केलं. काही महिन्यांनी काकी आल्या. "एकदा चालू कर ना रे बाबा, ऐकून जाते," म्हणाल्या. मी हँडल मारलं. पत्रे थरथरले, बाहेरचे चिकू न पिकताच खाली आले, आणि काकी बाकावर डोळे मिटून लहान पोरीसारख्या हसत बसल्या. मग मी इंजिन बंद केलं. चाक थांबलं तशा त्या लगबगीने उठल्या, पदर खोचला. "काकी, निघालात कुठे? चहा येतोय," मी म्हटलं. "चहा कसला? इंजिन थांबलं ना, भाकरी टाकते. येतीलच आता हे," म्हणत त्या दारापर्यंत गेल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. अजूनही पाहुणे आले की मी ते इंजिन हौसेने चालू करतो. बंद करायला मात्र दुसऱ्या कुणाला तरी सांगतो.