पत्त्यांच्या जादूचे चौदा व्हिडिओ आणि एक अंगठा

रविवार, श्रावणाचा पहिला आठवडा, दुपारचे साडेतीन. हजर: मी, आमचे हे, पोलादपूरच्या वरच्या वाडीवरून डोळे तपासायला महाडला आलेल्या सासूबाई आणि समोरच्या काकू. गैरहजर: ह्यांच्या उजव्या अंगठ्यातला जोर.

वैशाखात पहिली पाळी संपवून एमआयडीसीतून परत येताना हे खडीवरून मोटारसायकलसकट घसरले. मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तरी अंगठा आपला बसून राहिला. व्यायाम घेणाऱ्या बाई म्हणाल्या, बोटांना रोज काम द्या, आवडीचं दिलंत तर उत्तम. यांच्या आवडीचं काम एकच. गणपतीत वाडीवर पाच दिवस पत्ते चालतात, आणि डाव कुणाचाही असो, पानं पिसायला यांच्याकडेच येतात. पण पत्त्याला हात लावायला तयार नव्हते. "यंदा मी येत नाय गणपतीला. तू एकटी जा," असं जाहीर करून मोकळे. लग्नाला बावीस वर्षं झाली, यांचा एकही गणपती चुकलेला नाही.

मग कुणीतरी फोनवर पत्त्यांच्या जादूचा व्हिडिओ पाठवला आणि यांचे डोळे चमकले. जादू यांनी कधी केलेलीच नाही, त्यामुळे पूर्वीच्या हाताशी कुणी तुलना करणार नाही, हा हिशेब न सांगताही मला कळला. "तू बघून एक चांगला निवडून दे," म्हणाले. घरातला मिक्सर मी निवडते, गादी मी निवडते, मग हेही माझ्याकडेच.

चौदा पाहिले. वहीत चार रकाने आखले: मुद्द्यावर यायला किती वेळ, दोन्ही हात दिसतात का, अंगठ्यावर भार किती, शिकवतो की मिरवतो. शेवटच्या रकान्यात अकरा वेळा "मिरवतो" लिहावं लागलं.

काय ती माणसं! एकाने सहा मिनिटं आपण जादूकडे कसे वळलो ते सांगितलं आणि खरी करामत चाळीस सेकंदांत उरकली, तीही दुसऱ्या हाताने झाकून. एकाच्या पाचही बोटांत अंगठ्या आणि खोलीत उजेड देवघरातल्या समईइतका. एक सारखा "बहोत आसान है" म्हणत होता आणि शेवटी सांगतो, छह महीने प्रॅक्टिस करो. छह महीने करायची गोष्ट सोपी असते, तर हा माणूस अवघड कशाला म्हणत असेल? एकाने वीस मिनिटांनी कबूल केलं की यासाठी खास बनवलेला पत्त्यांचा कॅट लागतो आणि तो त्याच्याचकडे मिळतो. मराठीतला एक होता. काळा कोट घालून भाषण केल्यासारखा ओरडत होता. नेमकं पान फिरवायची वेळ आली तेव्हा कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर. चेहरा बघून काय शिकायचं? वरणाची फोडणी शिकवताना कुणी स्वयंपाकिणीचं कपाळ दाखवतं का?

एकच बरा सापडला. कुणी म्हातारे गृहस्थ, टेबलावर पंचा अंथरलेला, संगीत नाही. एकवीस पानं तीन रांगांत मांडायची, बस. अंगठ्याला त्रास नाही. मी दहापैकी आठ दिले. यांनी नाक मुरडलं. "हे शाळेतली पोरं करतात." आणि मी पाच गुण दिलेला, धूर सोडत जादू करणाऱ्या एकाचा व्हिडिओ निवडला. त्यात करामत एवढीच: गड्डीतलं तळाचं पान आधी चोरून बघायचं, गड्डी कापून समोरच्याने उचललेलं पान त्या पाहिलेल्या पानाच्या लगेच खाली येईल असं परत घ्यायचं, मग ते ओळखायचं. दोन आठवडे माझ्यावर सराव केला. मी व्हिडिओ पाहिलेला, त्यामुळे शहाण्यासारखं पान उचलत होते आणि शहाण्यासारखं परत ठेवत होते. तिथेच माझं चुकलं.

तर त्या रविवारी यांनी अंगठ्याने जमेल तेवढा पत्त्यांचा पंखा केला आणि सासूबाईंपुढे धरला. "आई, कुठलंही एक पान घे."

सासूबाईंनी घेतलं, पाहिलं आणि पदराआड छातीशी धरलं.

"आता परत ठेव."

"का म्हून?"

"जादू हाय ती. पान परत दे."

"उचललेलं पान कोण परत देतो रे? यडा झालास?"

काकू हसायला लागल्या. "अहो, द्या हो, त्यांना ओळखायचंय."

"मग ओळखू दे ना. जादू हाय तर पदरातून ओळख."

बाईंनी चाळीस गणपती पत्ते खेळून काढलेत. हातातलं पान सोडायचं ही कल्पनाच त्यांना ठाऊक नाही. शेवटी महत्प्रयासाने दिलं, आणि देताक्षणी गड्डी यांच्या हातातून काढून घेऊन स्वतः खसाखसा पिसली. "तू लबाडी करशील." चोरून पाहिलेलं तळाचं पान कुठल्या कुठे गेलं. चौदापैकी एकाही शहाण्याने या प्रसंगाची तयारी करून दिलेली नव्हती, आणि माझ्या वहीतही तसा रकाना नव्हता.

हे लालबुंद. "दे इकडं!" म्हणून गड्डी ओढली, उजव्या हाताने. सात-आठ पानं जमिनीवर.

"पडली तर उचल," सासूबाई म्हणाल्या. "चार जणं हाव. मेंढीकोट वाट."

"पिसता येत नाय मला."

"पिसलीयत मी. तुला वाट सांगितलं."

यांनी पत्ते वाटले. एकेक पान अंगठ्याने पुढे ढकलत, दोनदा दोन-दोन गेली ती परत घेत. बावन्न पानांना चहा निवण्याइतका वेळ लागला. काकूंना घाई होती, तरी बसून राहिल्या. मी आणि काकू हरलो. सासूबाईंनी मुलाला हुकूम उशिरा बोलल्याबद्दल झापलं, अंगठ्याचं नावही काढलं नाही.

व्हिडिओंचं पान मी वहीतून फाडलं. सोमवारी वाडीवर जावांना फोन करून गणपतीला मी एकटी येतेय की आम्ही दोघं ते कळवायचं होतं. नंबर लावणार, तेवढ्यात हे म्हणाले, "थांब, मी करतो."

आज गुरुवार. यांनी फोन अजून केलेला नाही.