गवताच्या वखारीवर

वखारीच्या दारात उभे राहून शेठ तळहात पुढे करायचे. "काडीपेटी हितं. मग वर जा." समोर कोणीही असो, तो तळहात हलत नसे. एकदा नवे फौजदार आले, तेव्हा त्यांच्याही पुढे तो आला. फौजदारांनी आधी हाताकडे पाहिलं, मग शेठच्या तोंडाकडे, आणि मुकाट्याने पेटी काढून दिली.

कारण सरळ होतं. कर्जत स्टेशनजवळच्या त्या वखारीत खाली गवत होतं आणि वर पुस्तकं. आसपासच्या गावांतलं गवत बैलगाड्यांनी यायचं, प्रेसमध्ये दाबून त्याच्या गासड्या व्हायच्या आणि मुंबईच्या तबेल्यांकडे जायच्या. त्या गासड्यांच्या डोक्यावर, माळ्यावर, शेठनी उर्दू वाचनालय काढलं होतं. जागा चुकीची आहे हे त्यांना सगळे सांगत. ते म्हणत, "दुसरी हाय कुठं?"

एकोणीसशे साठनंतरची ती वर्षं. मी कशेळ्याकडच्या गावातून कर्जतच्या मराठी शाळेत मास्तर म्हणून आलो होतो. आम्ही धर्मांतर केलेले बौद्ध. खोली मागायला गेलो की आधी नाव विचारलं जाई, मग गाव, आणि मग खोली नुकतीच कोणालातरी दिलेली असे. शेठनी मला एकच विचारलं, "बिडी वडता?" नाही म्हटल्यावर वखारीमागची खोली उघडून दिली. शेजार झाला म्हणून माळ्यावर जाऊ लागलो, आणि बसल्या बसल्या उजवीकडून डावीकडे वाचायला शिकलो. शिकवणारे तेच.

तुम्ही दानशूर माणसं पाहिली असतील, पण ही तऱ्हा पाहिली नसेल. गरीब शायराचं पुस्तक ते स्वतःच्या पैशाने छापून द्यायचे. ते खपत नसे. मग आपल्या मुनीमाला मुंबईला पाठवून तेच पुस्तक दुकानातून विकत आणायला लावायचे, म्हणजे शायराला वाटावं, लोक वाचतायत. त्यामुळे माळ्यावर एकेका पुस्तकाची रांगच्या रांग लागलेली असे. मी हसलो की म्हणत, "मला एक ओळ लिवता येत नाय, मास्तर. दुसऱ्याच्या तेवढ्या सांभाळतो."

खालापूरच्या पलीकडे एका गावात उर्दू शाळेवर एक बाई शिकवत होत्या. नवरा विषमज्वराने गेलेला, घर सासरचंच. त्या गझला लिहीत. शेठच्या कानावर दोन ओळी आल्या आणि ते एस.टी.ने तडक त्यांच्या शाळेत गेले. परत आले ते त्यांच्या सगळ्या गझला घेऊनच. त्या दिवशी ते जेवले नाहीत, वाचतच बसले.

उर्दू पुस्तक तेव्हा शिशाच्या खिळ्यांनी जुळवत नसत. कातिब, म्हणजे सुंदर अक्षराचा लेखक, बोरूने एकेक पान हाताने लिहायचा आणि त्या पानावरून छपाई व्हायची. शेठनी मुंबईहून एक म्हातारे कातिब आणून माळ्यावर बसवले. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. उजेड असेल तोवरच त्यांचं काम चाले, आणि शेठ तोवर खाली गवताची प्रेस जोरात चालवू देत नसत. माळा हादरला की बोरू हले.

अर्धं पुस्तक लिहून झालं असताना बाईंचे थोरले दीर आले. खालापूर बाजूच्या गावांचं निम्मं गवत त्यांच्या शब्दावर इकडे येत असे. सोबत चार माणसं होती. शेठनी हात पुढे केला. दीर म्हणाले, आज पेटी देणार नाही, ती त्या कागदांसाठीच आणली आहे. आमच्या घरातल्या बाईचं नाव बाजारात फिरणार नाही.

ते जिना चढले, मागोमाग शेठ, आणि वर कातिबांजवळ मी आधीच बसलेलो. दिरांनी लिहिलेली पानं उचलली. वरच्या पानाची शाई ओली होती, ती त्यांच्या अंगठ्याला लागली. कातिब नुसते कागदांच्या दिशेला बघत राहिले.

शेठचा आवाज अजिबात चढला नाही. ते म्हणाले, "जाळायचं असंल तर खाली चला, नदीवर. हितं गवत हाय, गडी हायेत. पण आधी वाचा. काय जाळताव ते तरी कळू दे."

दिरांना उर्दू उत्तम येत होतं. त्यांनी रागानेच, मोठ्याने वाचायला घेतलं. ओळींचा अर्थ असा होता: दारातल्या चपला अजून कोणी उचलल्या नाहीत, रोज झाडते ती मी त्यांच्याभोवतीच झाडते. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर ते थांबले. खाली प्रेस बंद होती.

"खोपोलीच्या बाजारातनं भावासाठी मीच आणल्या व्हत्या त्या," ते शेवटी म्हणाले. पानं त्यांनी कातिबांच्या पुढ्यात ठेवली. त्यांना गहिवरलेलं पाहून मला वाटलं, संपलं. पण जिन्याशी ते वळले. "छापा. पण नाव नाय. नाव आलं तर आमच्या बाजूची एक गाडी तुमच्या वखारीत यायची नाय."

शेठ दुसऱ्याच दिवशी बाईंकडे गेले. मलाही बरोबर घेतलं. बाई शाळेच्या ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "नाव गाळलं, तर त्या चपला कोणाच्या दारातल्या, शेठ?"

परतीच्या एस.टी.त शेठ खिडकीशी बसले. खोपोली मागे पडल्यावर म्हणाले, "मास्तर, मला भीती वाटते." एवढंच. मला वाटलं, आता ते माघार घेणार. घरात तीन मुलगे, वखारीवर पोट असलेले गडी. त्यांना दोष कोण देणार होतं?

पुस्तक नावासकट छापलं गेलं. पानं मांडीवर घेऊन शेठ स्वतः मुंबईला गेले होते.

त्या हंगामात गाड्या आल्या नाहीत. आधी खालापूरच्या थांबल्या, मग त्यांचं बघून इतरांच्या. गडी एकेक करून साजगावच्या कारखान्यांकडे गेले. शेठनी मुंबईला गासड्या नेणारा ट्रक विकला. वाचायला येणारेही कमी झाले. जिना चढताना कोणी पाहू नये असं लोकांना वाटे. एके सकाळी वखारीच्या मागच्या दाराशी घासलेट लावलेलं, अर्धवट जळालेलं फडकं सापडलं. दवाने विझलं असावं. माझी खोली तिथून चार हातांवर होती. मी म्हटलं, चौकीवर जाऊ या. शेठनी ते फडकं घडी करून खिशात घातलं. "कुणाचं नाव सांगू?" म्हणाले. "उद्या तोच पुस्तक मागायला आला तर?"

ते दाराशी उभे राहत तसेच राहिले, तळहात पुढे करून. मुलगे म्हणत, माळा बंद करा. बायको म्हणे, निदान पुस्तकं घरी तरी आणा. ते ऐकून घेत आणि माळ्यावर जाऊन पुस्तकांवरची धूळ पुसत. फडकं कोणी टाकलं ते कधीच कळलं नाही. दिरांनी टाकलं असेल असं मला वाटत नाही.

दोन हंगाम असे गेले. मग गवताला दुसरीकडे भाव मिळेना, तेव्हा गाड्या परत येऊ लागल्या. दिरांच्याही आल्या, पण ते स्वतः कधी आले नाहीत. बाईंनी सासर सोडून खालापुरात खोली केली आणि नोकरी चालू ठेवली. शेठनी त्या पुस्तकाबद्दल कोणाजवळ मोठेपणा मिरवला नाही. उलट विषय निघाला की उठून जात.

एकोणीसशे ऐंशीच्या आसपास त्यांच्या छातीचं दुखणं वाढलं. गवताची धूळ जन्मभर आत गेलेली. मी तोवर कर्जतमध्येच घर केलं होतं, रोज जाऊन बसत असे. ते गेले त्याच्या आदल्या दुपारी बाई एस.टी.ने आल्या. केस पांढरे झाले होते. त्यांनी नवीन गझल आणली होती. शेठच्या बायकोने उशी उंच केली आणि दार लोटून घेतलं. आत आम्ही चौघंच.

मैफलीत ओळ आवडली की ऐकणारा ती पुन्हा म्हणायला सांगतो. पहिल्या शेराला शेठ पुटपुटले, "परत." बाईंनी परत म्हटला. दुसऱ्याला त्यांनी नुसतं बोट उचललं. बाईंनी तोही परत म्हटला. तिसऱ्याला काहीच आलं नाही. श्वास चालू होता, डोळे छताकडे.

बाई थांबल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पदर सावरून खाटेजवळ थोड्या सरकल्या, आणि कोणी न सांगता तो शेर पुन्हा म्हटला.