परसातल्या रांजणाचा ताप

उकंड्यावर रोज एक टोपली पडली की वर्षात बैलाएवढा ढीग होतो, आणि कोणी टाकलं म्हणून विचारा, घरातलं एक माणूस कबूल होत नाही. आमच्या घरचे किस्सेही असेच साचले. फरक एवढाच, की उकंड्याचा ढीग कुजून थंड होतो. हे किस्से आठवले की माझं डोकं अजून तितकंच तापतं.

आधी रांजणाचं सांगते. माझं माहेर अकोटचं, भाजीवाल्यांचं. बाप पंतोजीच्या घरी रोज भाजी पोचवायचा, त्या बदल्यात पंतोजीनं मला दोन वर्षं पोरांच्या मागं भिंतीशी बसू दिलं. अक्षरं तिथं शिकले आणि खताचं पाणी बापाकडून. सासरी दोन्हींचा सारखाच राग.

खताचं पाणी म्हणजे काही जादू नाही. उकंड्याच्या तळचं जुनं, काळं, वास गेलेलं खत फडक्यात बांधायचं आणि पाण्याच्या रांजणात लोंबतं सोडायचं. गुळाचा एक खडा टाकायचा. दिवसातून तीनदा काठीनं ढवळायचं, आधी सुलटं, मग उलटं, फेस येईस्तोवर. तोंड मोकळं ठेवायचं. तिसऱ्या दिवशी गाळून एका तांब्याला घागरभर साधं पाणी घालायचं आणि ऊन उतरलं की झाडांच्या बुडाशी द्यायचं. यात न कळण्यासारखं काय आहे? पण वलगावच्या आमच्या घरात ते एकाही माणसाला कळलं नाही.

त्या सालांत वऱ्हाडाला कापसाचं वेड लागलं होतं. सातासमुद्रापलीकडं कुठं लढाई पेटली आणि तिकडचा कापूस अडला, म्हणून आमच्या कापसासाठी अमरावतीच्या बाजारात गाड्यांची रीघ. ज्वारीचं वावर कापसाखाली गेलं, तुरीचं गेलं, गल्लीतल्या भाजीच्या वाड्या गेल्या. उरलं ते माझं परस. विहिरीमागं दहा पावलं रुंद, वीस पावलं लांब. वांगी, मिरची, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर.

आणि होळीच्या दिवशी पुरणपोळी खाता खाता आमचे धनी बोलले, "मृग लागला का परसात पऱ्हाटी."

मी म्हटलं, "आन् खासान काय?"

"भाजी इकत आनू."

"कोनापासून? समद्यायनं त कापूसच पेरला."

उत्तर नसलं की पुरुषमाणूस मिशीवरून हात फिरवतो. धन्यांनी फिरवला.

*

धन्यांचा परसावर राग का, तर त्याला आदल्या पावसाळ्यातलं कारण होतं. माझी वांगी पाहून त्यांना वाटलं, हेच पाणी पऱ्हाटीला दिलं तर? विचार वाईट नव्हता. पण तांब्याला घागर हे माप त्यांना बायकी वाटलं. "असं पानचट देऊन काय होते वो?" म्हणून त्यांनी रांजणात ताजं शेण कालवलं, गोमूत्र ओतलं, वरून कोंबड्यांची घाण टाकली, आणि साधं पाणी न घालता भर दुपारी पऱ्हाटीच्या सहा तासांना, म्हणजे सहा ओळींतल्या कोवळ्या रोपांना पाजलं.

तिसऱ्या दिवशी ते सहा तास असे करपले, की लांबून वाटावं कोणी विस्तव फिरवून गेला.

"तुह्यं पानीच खराब हाय," घरी येऊन मलाच बोलले.

मी म्हटलं, "मी लेकराले पेज पाजत होती. तुमी दारू पाजली."

दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ते दोन दिवस मात्र बरे गेले.

*

माझी धाकटी जाऊ कौसी. मनाची चांगली आहे, पण चांगल्या मनानं माणसानं किती नासधूस करावी याला काही हद्द?

चैत्रात तिच्या माहेरचे पाहुणे भातकुलीहून येणार होते. मी आठ दिवस अकोटला गेले होते. जाताना बजावलं, "रांजनाले झाकू नको." कौसीला वाटलं, पाहुण्यांपुढं उघडा रांजण बरा दिसत नाही. तिनं वर पितळी परात ठेवली, आणि लोणच्याच्या बरणीचं तोंड बांधावं तशी कडेकडेनं चिखलानं लिंपून टाकली. वर कुंकवाचं बोटही लावलं.

मी परत आले तेव्हा पाहुणे ओसरीवर जेवायला बसलेले. मी अजून पायावर पाणी घेत होते, तेवढ्यात भाकरी ठेवायला परात कमी पडली. आता कोणती परात आणावी, हे कौसीला कोणी सांगायचं?

तिनं ती उचकटली.

चैत्राचं ऊन, आठ दिवस कोंडलेलं पाणी. पहिला घास हातात धरून म्हातारा व्याही उठून उभा राहिला आणि हळूच विचारता झाला, "कोन गेलं?"

कौसी म्हणते, "कोनी नाई गेलं बाबा, जाऊबाईची भाजी हाय."

पाहुण्यांनी त्या दिवशी वांग्याला हात लावला नाही. आमची सासू, आत्याबाई, दारात उभी राहून त्यांची गाडी जाताना पाहत होती. म्हणाली, "बैल जुपाची घाई पाह्य यायची. लग्नात वरात काढाले एवढी घाई केली असती त जेवन थंडं झालं नसतं."

*

या आत्याबाईचं सांगायचं तर तोंडात एक दात नाही, दोन नातींची लग्नं झालेली, सोवळं-ओवळं मात्र जिवापलीकडं. रांजण परसात आला तेव्हापासून तिनं त्याला बोट लावलं नाही. त्याच्या बाजूनं जायचं झालं तर पदर नाकाला. "उकंड्याचं पानी खाल्लेली भाजी," असं रोज म्हणायची आणि रोज त्याच पालकाच्या पातळभाजीत भाकरी कुस्करून वाडगं चाटूनपुसून ठेवायची. दात नाहीत, दुसरं काही चावत नाही. पण एकदा तरी बरं म्हणावं? नाही.

एकदा ढवळायच्याच दिवशी मला वावरात कापूस वेचायला जाणं भाग पडलं. बाया मिळत नव्हत्या, गावातली प्रत्येक बाई कोणाच्या ना कोणाच्या कापसात. घरी आत्याबाई, ती रांजणाला बोट लावायची नाही. राहिली कौसी, आणि तिला नेमका कावळा शिवलेला. म्हणजे महिन्याचे चार दिवस बाहेर बसायचं, स्वयंपाकघर बंद, देवघर बंद, तिच्या जवळून कोणी जायचं नाही. ती परसातल्या चिंचेखाली घोंगडीवर बसली होती. रांजण तिच्यापासून चार हातांवर. मी काठी तिच्या हातात दिली.

संध्याकाळी परतले तर आत्याबाई उंबऱ्यात.

"भागे, तुले अक्कल हाय का नाई? बाहेरच्या बाईचा हात लागला त्या रांजनाले. वांग्याचं फूल अन् फूल गयून जाईन आता."

"मंग काय करू, आत्याबाई?"

"गोमूत्र शिपड त्याच्यावर. शुद्ध कर."

"त्याच्यात खालून वरलोक तेच हाय. अजून किती शुद्ध करू?"

आत्याबाई आत गेली ती मला ऐकू येईल अशा आवाजात देवाशी बोलत. धनी बिचारे विहिरीवर हातपाय धुवायला निघाले होते. चिंचेखाली भावजय बसलेली दिसली तसे पाऊल अर्धं उचललेलं होतं ते तिथूनच मागं घेतलं आणि न धुता जेवायला बसले. एरवी पाटलाला न भिणारा माणूस!

वांग्याचं फूल एकही गळलं नाही. त्यानंतर चार दिवस बाहेर बसली की कौसी आपणहून काठी मागायची. मीही बसले की ढवळायची. आत्याबाईनं बोलणं सोडलं नाही, आम्ही ढवळणं सोडलं नाही.

*

शेजारचा गोविंदा हा धन्यांचा जिवाचा दोस्त. त्याच्याकडं गावातली सगळ्यात देखणी बैलजोडी, आणि परसापासून अंगणापर्यंत पऱ्हाटी. तुळशीवृंदावनाभोवतीही लावली होती. कुंपणावरून डोकावून रोज विचारायचा, "काय वो वयनी, उकंडा शिजवून राह्यली काय?"

मी म्हणायची, "हाव. तुमाले वाढू का?"

वैशाखात त्याच्या घरी सत्यनारायण निघाला. गावात हिरवं पान शोधून सापडेना. गोविंदा आला, डोक्यावर चादरीत बांधलेला कापूस.

"वयनी, हा ठेवून घ्या, आन् पंचवीस पानायची भाजी द्या."

"एवढ्या कापसाचं मी काय करू?"

"वाती करा देवाले."

"एवढ्या वाती लावल्या त देवाचे डोये जातीन, भाऊजी."

भाजी दिली. कापूस परत पाठवला. जेवताना गोविंदानं वांग्याची भाजी तीनदा मागून घेतली असं त्याच्या बायकोनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपणावरून डोकं वर आलंच. "काय वो वयनी, उकंडा शिजवून राह्यली काय?"

*

ज्येष्ठात एका व्यापाऱ्याचा मुनीम पुढच्या सालचा सौदा बोलायला आला. मुंबईला जाऊन आलेला माणूस, म्हणून धनी त्याच्यापुढं जरा वाकूनच बसले. मुनीम सांगत होता, साहेबलोक सकाळी उठून कसली तरी पत्ती उकळून तांबडं पाणी पितात, त्याला चहा म्हणतात, आणि त्यानं अंगात काय हुशारी येते.

मी नुकतंच रांजणातलं पाणी गाळून तांब्यात ठेवलं होतं. तांबूस रंग, वर थोडा फेस, गुळाचा वास. धन्यांनी आतून पाणी मागितलं. कौसीनं तो तांब्या उचलून नेला. चांगलं मन, दुसरं काय!

मी धावले तोवर मुनिमानं अर्धा तांब्या घेतला होता. डोळे मिटले, ओठ पुसले आणि धन्यांकडं पाहून म्हणाला, "वा, म्हणजे वलगावातही पोचला! पण पत्ती जुनी आहे तुमची."

धन्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी पदर तोंडात कोंबला.

सौदा झाला. मुनीम गेल्यावर मी धन्यांना म्हटलं, "आता तरी परस राहू द्या. तुमचा सौदा माह्या रांजनानं जमवला."

ते म्हणाले, "सौदा झाला म्हनूनच त आता परसाचाही कापूस लागन."

भिंतीशी बोलले असते तर डोकं तरी टेकता आलं असतं.

*

मृग लागला, पाणी पडलं, जमिनीला वाफसा आला. धन्यांचा एक बैल लंगडत होता, म्हणून गोविंदानं आपली जोडी द्यायचं कबूल केलं. दोनच दिवस. त्यानंतर त्याची पेरणी, मग त्याच्या सासऱ्याची भातकुलीला. म्हणजे या दोन दिवसांत परसात वखर फिरला तर फिरला, नाहीतर त्या सालापुरतं परस वाचलं.

आदल्या संध्याकाळी मी शेवटचं सांगून पाहिलं. भांडले, रडले, माहेरी जाते म्हटलं. धनी म्हणाले, "जाय. वांगे घेऊन जाय संगं." आत्याबाई तिथंच बसून पालकाच्या भाजीत भाकरी कुस्करत होती. मी तिला म्हटलं, "आत्याबाई, तुमी तरी काही बोला." ती म्हणाली, "भाजीत मीठ कमी हाय."

मी उठून आत गेले. कोणाला काय सांगायचं?

सकाळी गोविंदा बैल घेऊन आला. धन्यांनी वखर जुंपला. मला वांग्यांकडं पाहवेना म्हणून मी विहिरीशी पाठ करून उभी राहिले. बैलांच्या घंटा वाजल्या, चार पावलं वाजल्या आणि थांबल्या.

वळून पाहिलं.

वांग्याच्या वाफ्यात, रांजणाला लागून, घोंगडी अंथरलेली. घोंगडीवर आत्याबाई. पदर डोक्यावरून घट्ट घेतलेला, मांडी घातलेली, तोंड आमच्याकडं.

धनी म्हणाले, "माय, ऊठ तिथून. वखर फिरवाचा हाय."

"लांब राय," आत्याबाई म्हणाली. "मले कावया शिवला."

गोविंदानं धन्यांकडं पाहिलं. धन्यांनी बैलांकडं पाहिलं. कौसी दारात हातातलं सूप धरून तशीच उभी.

गोविंदा घसा खाकरून बोलला, "पन मोठीमाय, तुमचं..."

"माह्यं काय?"

"काई नाई."

"माय, अवं पन..." धन्यांनी एक पाऊल टाकलं.

"माह्याकडं पाऊल टाकतं? बाहेरच्या बाईकडं? कोन शिकोलं रे तुले हे? मी त नाई शिकोलं."

धन्यांचं पाऊल मागं आलं. कान लाल झाले होते. खाली बघतच विचारलं, "किती दिस?"

"चार. कवा तीन असते का?"

गोविंदानं बैल वळवले. जाताना कुंपणावरून एकदा डोकं वर आलं, पण या खेपेला त्यानं काही विचारलं नाही. धनी वखर खांद्यावर घेऊन गोठ्याकडं गेले, मिशीवरून हात फिरवत.

मी दुपारी पातळभाजी-भाकरीचं वाडगं नेलं आणि रीतीप्रमाणं चार हातांवर ठेवून मागं सरले. आत्याबाईनं ते ओढून घेतलं नाही. ती रांजणाकडं पाहत होती. मग हात लांब करून काठी उचलली, पाण्यात घातली, आणि माझ्याकडं न पाहता म्हणाली, "भागे, हे आधी सुलटं का उलटं वो?"