उत्स्फूर्त हसण्याची तालीम

चौकडी म्हटलं की लोकांना आधी चांडाळच आठवतात, पण ही चौकडी सभ्य होती. दोन व्हायोलिन, गुडघ्यांत धरून वाजवायचा एक सेलो आणि मध्ये व्हायोला. व्हायोला म्हणजे व्हायोलिनची अंगानं भरलेली, खालच्या आवाजात बोलणारी बहीण. ती वाजवणाऱ्या बाईला सगळे ‘मधली’च म्हणत. एकोणीस वर्षं ती त्याच खुर्चीवर बसून वाजवत होती. बरोबर वाजवलं तर कुणाच्या लक्षात येत नसे आणि चुकलं तर सगळ्यांच्या! तरी मधलीचा त्या वाद्यावर भारी जीव.

संकट आलं ते वर्तमानपत्रातून. एका समीक्षकानं लिहिलं, ‘चौघं वाजवतात अचूक, पण पोस्टात शिक्के मारल्यासारखं.’ झालं! सभागृहाच्या व्यवस्थापकबाईंचा फोन आला की पुढच्या वर्षी आम्हाला काहीतरी जिवंत हवंय. पहिलं व्हायोलिन वाजवणारे सर दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी पोटभर जेवले आणि तालमीत म्हणाले, “आजपासून आपण उत्स्फूर्त वाजवायचं. मी सगळं लिहून आणलंय.”

आणि खरंच आणलं होतं की! चौघांच्या स्वरलिपीच्या कागदांवर लाल पेन्सिलीनं सूचना. ‘इथे अचानक थांबणे.’ ‘इथे उत्स्फूर्त हसणे, दोन मात्रा.’ ‘इथे डॉक्टरांनी डोळे मिटणे.’ डॉक्टर म्हणजे सेलोवाले, निवृत्त दंतवैद्य. डोळे मिटले की त्यांना डुलकी लागायची, म्हणून ती सूचना दुसऱ्याच दिवशी खोडावी लागली. दुसरं व्हायोलिन सरांचा जावई वाजवायचा. सासऱ्यांनी हस म्हटलं की तो हसे. लग्नापासूनची सवय.

गाडं अडलं ते मधलीपाशी.

“बाई, हे हसू आहे की दाढ दुखतेय?” सरांनी विचारलं.

“दाढ नाही,” डॉक्टर म्हणाले. “दाढेला माणूस गाल धरतो.”

“सर, हसू आलं की हसेन ना मी,” मधली म्हणाली.

“आलं की? अहो, ते तेविसाव्या ओळीत यायला हवं!” सरांनी पेन्सिल आपटली. “हे बघा, माझी एक शिष्या आहे. वाजवते बेताचं, पण केस काय उडवते! या कार्यक्रमात तुमचा चेहरा हलला नाही, तर पुढच्या वर्षी त्या खुर्चीवर ती बसेल.”

एकोणीस वर्षांत सूर इकडचा तिकडे झाला नाही, आणि खुर्ची जाणार ती चेहऱ्यापायी! मधलीनं घरी येऊन भांडी तेवढी आदळली.

कार्यक्रमाला सभागृह भरलं. त्या दिवशीच्या रचनेचा पहिला भाग दोनदा वाजवायचा असतो, म्हणजे शेवटाला पोचलं की परत पहिल्या ओळीवर यायचं. शेकडो वेळा चौघं तसे परत आले होते. पण नेमकं त्याच जागी सरांनी हसणं लिहून ठेवलेलं. सर श्रोत्यांकडे वळून असे काही प्रसन्न हसले की हसण्याच्या भरात परत यायचंच विसरले आणि सरळ पुढे निघाले!

जावई आणि डॉक्टर इमानेइतबारे मागे गेले. मधलीनं मात्र सरांचा श्वास ऐकला होता. परत फिरताना ते लांब श्वास घेत, आज आखूड घेतला. विचार करायला वेळ कुठला? तीही पुढे गेली, आणि आयुष्यात वाजवलं नव्हतं इतक्या जोरात तिनं वाजवलं. अर्धी ओळ नुसता कालवा. मग जावयानं तिचा सूर पकडला, डॉक्टर धापा टाकत मागून आले. चौघंही घाबरून एकमेकांचं ऐकत होते, कागदाकडे कुणाचं लक्षच नव्हतं. मधलीचे डोळे विस्फारलेले, भुवया कपाळात, आणि अशी मजा आली तिला की काय सांगावं! एकोणीस वर्षांत आली नव्हती.

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. समीक्षकानं लिहिलं, ‘काय ती उत्स्फूर्तता! आणि व्हायोलावादिकेच्या चेहऱ्यावरचं ते आश्चर्य!’

सुंभ जळला तरी पीळ जात नाही. पुढच्या तालमीत सर म्हणाले, “ती उडी मी मुद्दाम मारली होती. आता दर वेळी तिथंच मारायची. जावईबापू, तुम्ही अर्धीच ओळ चुकायचं, जास्त नाही. डॉक्टर, धाप चांगली होती, ठेवा. आणि बाई, तुमची खुर्ची पक्की! फक्त तो चेहरा जपा. चौदा कार्यक्रम ठरलेत.”

त्या संध्याकाळी मधली आरशासमोर उभी राहिली. डोळे विस्फारले, भुवया चढवल्या. मग पुन्हा. सहाव्या खेपेला नवरा खोलीत आला आणि दचकला.

“अगं, काय झालं? कुणाचं काही बरंवाईट?”

“छे हो. रियाज चाललाय. खुर्ची राहिली माझी.”

“मग चांगलंच झालं की. डोळ्यांत पाणी कशाला?”

“ते होय?” ती म्हणाली. “ते आपोआप आलं.”