पूर्वेची भिंत

आम्ही गाव सोडलं तेव्हा टेम्पोत सामान थोडंच होतं. ढिगाऱ्यातून निघालेली भांडी, चेपलेली ट्रंक, अण्णांच्या शाळेच्या कागदांची पिशवी. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढत असताना अण्णांची लातूरच्या शाळेत बदली झाली होती. ड्रायव्हरनं शेडला टेकवलेली खिडकीची चौकट उचलली, तसे अण्णा म्हणाले, "ती न्हाई न्यायची."

"गुरुजी, अस्सल सागवान हाय. कोरं करकरीत."

अण्णांनी चौकट त्याच्या हातातून काढून घेतली आणि परत शेडला लावून ठेवली. माय टेम्पोत बसली होती. तिनं तिकडे मान वळवली नाही.

गावकऱ्यांनो, तुमच्यापैकी जे नव्या वसाहतीत राहिले आणि जे पुण्याला, हैदराबादला गेले, त्यांना ती चौकट आठवत असेल. तुमच्या मुलांना ठाऊक नसणार, म्हणून लिहिते. आपली घरं दगडमातीची, वर मातीचं जाड माळवद. उजेड यायचा तो दारातून आणि माळवदाला ठेवलेल्या भोकातून, साण्यातून. भूकंपाच्या आधीच्या उन्हाळ्यात माय अण्णांना म्हणाली, "डाळीतले खडे दिसंना झालेत. एक खिडकी पाडून द्या." तिनं आयुष्यात मागितलेल्या मोजक्या गोष्टींतली ही एक. अण्णांनी भिंत फोडून चौकट बसवली. वारा यायला लागला, म्हणून काका तिथंच खाली अंथरूण टाकायचे. भूकंपात ती भिंत काकांवर आली. आम्ही पुढच्या ओसरीत होतो, वाचलो.

त्यावर घरात कधी कोणी बोललं नाही. अण्णांनी लातूरला घर बांधलं, ते मात्र त्याच विषयावर होतं. कॉलम असे की त्यांवर पाण्याची टाकी उभी राहावी. खिडक्या दोन, त्याही पश्चिमेला, छताजवळ, पाटीएवढ्या. पूर्वेला परसाकडची भिंत सलग कोरी. मिस्त्रीला ते सांगायचे, "भिंतीला भोक पाडलं की भिंत मेली." माय ऐकायची. दिवसाढवळ्या ट्यूब लावून पोळ्या करायची. मला वाटायचं, शहरात असंच असतं.

लग्न होऊन मी नायगावला गेले. तिथल्या भाड्याच्या घरात सकाळी पांघरुणावर ऊन यायचं, आणि मला पहिले काही दिवस पडदा लावावा असं वाटायचं. उजेडाची सवय लागते, तशी अंधाराचीही लागते. पुढे मुलीला क्लास लावायला मी तिला घेऊन परत अण्णांच्या घरी आले आणि इथल्याच एका शाळेत शिकवायला लागले. आता लातूरला अशा आयांच्या गल्ल्याच आहेत. नवरा गावी, माय-लेक इथं, एक गॅस, एक कूलर, भिंतीवर टाइमटेबल. आम्ही भूकंपानं आलो, या बाया फिजिक्स-केमिस्ट्रीनं आल्या.

आमच्या पश्चिमेच्या रिकाम्या प्लॉटवर तोवर मुलांचं हॉस्टेल उभं राहिलं होतं, हद्दीला चिकटून. पाटीएवढ्या दोन खिडक्या आता त्याच्या भिंतीकडे बघत होत्या. मायला तांदूळ निवडायला पुढच्या दाराचा उंबरा तेवढा उरला. तिथंच एक दिवस क्लासला उशीर झालेल्या पोराची स्कूटी घसरत आली आणि मायचं खुब्याचं हाड मोडलं.

ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टर म्हणाले, चालवा. पण मधल्या खोलीत खाटेवर पडलेली माय उठेना. जेवण द्या, जेवली. कूस बदला, बदलली. मी दुपारी शाळेतून आले की विचारायची, "उजाडलं का गं?" लेक हसून म्हणायची, "आजी, माझा दुसरा क्लास सुटला." माय परत डोळे मिटायची. काही मागत नव्हती. पाणीसुद्धा नाही. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की अशीच पडून राहिली तर पुढं तिला उठताच येणार नाही. मला औषधांतलं कळत नाही. पण जिला सकाळ दिसत नाही ती उठेल कशाला, एवढं कळतं. मधल्या खोलीची पूर्वेची भिंत फोडायची, हे मी त्याच संध्याकाळी ठरवलं.

पुण्याचा धाकटा भाऊ इंजिनिअर. त्याला फोन लावून स्पीकरवर टाकला. तो म्हणाला, "ताई, भार सगळा कॉलमवर आहे. ती भिंत म्हणजे नुसता पडदा."

"पडद्याखाली माणूस मरत न्हाई व्हय?" अण्णा म्हणाले आणि उठून गेले.

मी त्यांच्या मागे गेले. इतक्या वर्षांत न बोललेलं बोलले. "अण्णा, आपल्या शेजारच्या घराला एकपण खिडकी नव्हती. त्यांच्यातलं कोण वाचलं? खिडकीनं काका गेले नाहीत. अख्खं गाव गेलं."

"मला शिकवू नको. मी मास्तर हाय."

"मग उत्तर द्या."

ते जाऊन अंथरुणावर पडले. जेवलेही नाहीत. सकाळी मी डबा भरत होते, तेव्हा दारात येऊन म्हणाले, "पाडायची तर पाड. पण आधी मी झोपणार तिथं. पडली तर माझ्यावर पडू दे. तिची खाट लांब ठेव."

मिस्त्रीनं कटर लावला. मायच्या खाटेवर चादर ताणून धरली तरी धूळ व्हायची ती झालीच. अण्णा परसात उभे, प्रत्येक विटेकडे बघत. वर बीम घातला, ग्रिल बसवलं, सिमेंट वाळलं. मग ते उशी घेऊन आले आणि खिडकीखाली आडवे झाले. झोपले कुठले! ते खोकत होते, माय अंधारातून म्हणत होती, "गप पडा की, भिंत न्हाई पडायची तुमच्या भ्यानं."

सकाळी परसातलं ऊन थेट आत आलं. खाटेवर, समोरच्या मांडणीवर, कोपऱ्यातल्या जळमटांवर. मायनं सगळीकडे नजर फिरवली. मग मला हाक मारली.

"काय गं, हे घर हाय का उकिरडा? मी पडले तवापासून फडकं फिरलं न्हाई का इथं? त्या डब्यावरचं तेल बघ. मास्तरीण म्हणं!"

"पुसते संध्याकाळी."

"तुझी संध्याकाळ मला ठाऊक हाय. तो वॉकर इकडं आण."

ती उठली. मांडणीपर्यंत चार वेळा थांबली, पण तोंड थांबलं नाही. डबे काढून माझ्या हातात देत होती आणि माझ्या संसाराची लाज काढत होती. अण्णा उशी पोटाशी धरून बसून ऐकत होते. मग ती त्यांच्याकडे न बघताच म्हणाली, "सैपाकघर तसंच अंधारं हाय. तिथं पण एक पाडून द्या."

अण्णा लगेच म्हणाले, "कुठं पाहिजे? ओट्यावर का बाजूला?"

आम्हा भूकंपातल्या लोकांना घर म्हणजे काय असं कुणी विचारलं, की त्याला काहीतरी ओलं ऐकायचं असतं. माझ्याकडे तसलं काही नाही. दगडामातीचं घर पडलं, पत्र्याचं शेड गेलं, नायगावचं घर भाड्याचं. माझ्या मायला जिथं पुन्हा काही मागावंसं वाटलं, ते माझं घर. मी मिस्त्रीला परत बोलावून घेतलंय. त्याची कटकट चालू आहे, की बाई, एकदाच सांगायचं असतं सगळं.